डाव्या कानाला एल, उजव्याला एम

नवे वायरलेस इअरफोन कानात घातले आणि पहिला प्रश्न पडला, डग्गा गेला कुठे? तबल्याची चाट खणखणीत, झांजा तर कान किटवणाऱ्या, पण डग्ग्याची घुमारी औषधालासुद्धा नाही. मी लगेच ॲपमधला इक्वलायझर उघडून बेस चांगला सहा डेसिबल चढवला. तरी गाणं पत्र्याच्या डब्यातच. गंमत म्हणजे इअरफोन बोटाने जरा आत दाबला की आवाज एकदम भरून यायचा आणि बोट काढलं की परत डबा. हे दोन दिवस चाललं होतं, तरी माझी ट्यूब पेटली नाही.

पेटली तेव्हा आधी स्वतःचंच हसू आलं. दाबल्यावर बेस येतो, म्हणजे इअरफोन धडधाकट आहे, कुठेतरी फट राहतेय. इअरफोनमधला एवढासा ड्रायव्हर, म्हणजे चिमुकला स्पीकर, खालचे सूर ऐकवू शकतो ते कानाच्या नळीत कोंडलेल्या चमचाभरही नसलेल्या हवेवर दाब देऊन. टिप, म्हणजे इअरफोनच्या टोकावरची मऊ टोपी, कानात नीट बसली नाही की तो दाब बाजूने निसटतो. आधी जातो तो बेस, वरचे सूर मात्र तसेच राहतात आणि उगाच टोचायला लागतात. अशा वेळी इक्वलायझर चढवणं म्हणजे पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरत बसणं.

मग ४० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालचा, सलग सूर लावला आणि एकेका कानाने ऐकला. उजवीकडे भरदार गुंजन, डावीकडे जवळजवळ काहीच नाही. दोन्हीकडे आधीपासून लावलेली एमच, म्हणजे मधल्या मापाची टिप होती. दोन्ही कान सारखेच असणार हे मी कधी तपासलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. डावीकडे मोठी, एल लावली आणि सूर आला. एवढ्यावर थांबायचं, तर हाव सुटली: मोठी टिप म्हणजे जास्त बेस, म्हणून उजवीकडेही एल. ती तोंडाशीच अडली, कडेला दुमड पडली आणि त्या दुमडीतून बेस गळायला लागला. अर्ध्या तासात कान ठणकायला लागला तो वेगळाच.

डाव्या कानाचं पुराण एवढ्यावर संपलं नाही. बोलायला तोंड उघडलं की बेस गायब. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून असतो, जबडा हलला की नळीचा आकारही बदलतो. ॲपमधली फिटिंगची चाचणी मात्र हिरवी खूण दाखवत होती, कारण ती करताना मी आज्ञाधारकपणे तोंड मिटून बसलो होतो.

म्हणून फोमच्या टिपा आणल्या. त्या घालायची एक रीत आहे. टिप चिमटीत वळून बारीक करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, टिप आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. मास्तरांनी कान धरलेल्या पोरासारखा मी रोज आरशासमोर उभा. पण बसली की काय बसते! पंख्याचा आवाज गेला, जबडा हलवला तरी बेस जागचा हलत नाही. मात्र फोम वरचे सूर थोडे पिऊन टाकतो, झांजांवर चादर टाकल्यासारखं होतं. चालताना स्वतःचीच पावलं डोक्यात धपधप वाजतात, कारण हाडांतून कानात आलेला आवाज बंद नळीत अडकतो. वर फोमच्या टिपा लांबट, त्यामुळे डबीचं झाकण लागलं तरी इअरफोन चार्जिंगच्या पिनांना टेकायचे नाहीत. सकाळी एक कान चार्ज, दुसरा उपाशी.

त्यातच एक दिवस इअरफोन ओढला आणि टिप कानातच राहिली. टोक बाहेर डोकावत होतं म्हणून निभावलं. "हलू नकोस रे," म्हणत ताईने बोथट चिमट्याने धरून हळूच काढली. टोक दिसत नसतं तर मी कुणालाही हात लावू दिला नसता, थेट कानाच्या डॉक्टरांकडे गेलो असतो. चूक माझीच. टिपेचं भोक माझ्या इअरफोनच्या नोझलपेक्षा, म्हणजे टिप जिच्यावर चढते त्या नळीपेक्षा, सैल होतं. एस-एम-एल हे फक्त बाहेरचं माप. आतलं माप मिलिमीटरमध्ये वेगळं बघावं लागतं.

फोम फक्त डावीकडे ठेवून पाहिला, तर गायक मधोमध उभा राहायचं सोडून उजवीकडे सरकला. दोन कानांत दोन मापं चालतात, दोन प्रकारच्या टिपा नाही चालत, निदान मला तरी.

शेवटी मऊ सिलिकॉनचा, जरा बुटका आणि रुंद तोंडाचा संच मिळाला. रुंद तोंडामुळे झांजा मोकळ्या झाल्या, पण 'स' आणि 'श' सुईसारखे टोचायला लागले. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा एक ठरावीक सूर जास्तच घुमवते, साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे बराच वरचा. इअरफोन आत सरकला की ही जागा आखूड होते आणि तो घुमणारा सूर आणखी वर, 'स'पासून लांब जातो. मी टिपा एकदोन मिलिमीटर आत घेतल्या, थोड्या फिरवून बसवल्या, आणि 'स' निवला. इक्वलायझर शून्यावर.

आता आठवड्यातून एकदा टिपा काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावतो. पाकिटात डावीकडची एक एम आणि उजवीकडची एक एल पडून आहे. ताईचे कान माझ्या उलटे निघाले तर जोडी खपेल, म्हणून तिलाही ४० हर्ट्झ ऐकवला. तिच्या दोन्ही कानांना एस.