आमची वाटचाल: साताऱ्याच्या झडीपुढे टिकणारी खिडकी

सातारा जिल्ह्यात खिडक्यांचा धंदा करायचा तर आधी पाऊस कळावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला 5500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम 500. पाचगणीचं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "झड आत येणार नाही ना?" दहिवडीचं विचारतं, "धुळीचं आणि उन्हाचं काय?" या दोघांना एकच खिडकी देता येत नाही. आमचा सगळा धंदा याच फरकावर उभा राहिला.

वडील सुतार. साताऱ्याच्या पेठांमधल्या कितीतरी घरांच्या सागवानी चौकटी त्यांच्या हातच्या. मी अॅल्युमिनियमचं काम पुण्यात शिकलो आणि परत येऊन एमआयडीसीत लहानशी शेड भाड्यानं घेतली. एक कटिंग मशीन, दोन पोरं आणि वडिलांचा गुण्या-ओळंबा. सुरुवातीला दुकानांची पार्टिशनं आणि बिल्डरांच्या टू ट्रॅक, म्हणजे दोन रुळांवर सरकणाऱ्या, खिडक्या केल्या. तिथं सगळा खेळ स्क्वेअर फुटाच्या दराचा. दर खाली यायला सेक्शन, म्हणजे चौकटीची अॅल्युमिनियमची पट्टी, पातळ व्हायचा, रोलर हलका यायचा. ते काम आम्ही हळूहळू सोडलं. खिडकी नुसत्या फुटाच्या दरावर ठरवणं म्हणजे साडी वजनावर घेणं.

मग जुन्या घरांच्या खिडक्या बदलण्याकडे वळलो. नव्या बांधकामात भिंत मोकळी असते. इथं घरात माणसं राहतात, देवघर असतं, कुणाचं बाळंतपण असतं. म्हणून नियम केला, एका वेळी एकच खोली घ्यायची आणि सकाळी उघडं केलेलं भोक संध्याकाळच्या आत बंद करायचं. जुनं ग्रील बहुधा भिंतीतच गाडलेलं असतं. ते काढायचं की ठेवायचं हे आधी ठरवतो, कारण ग्रील राहिलं तर शटर, म्हणजे खिडकीचा उघडणारा भाग, कुठल्या बाजूला उघडणार हेच बदलतं.

माप मी अजून स्वतः घेतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. शिवाय दोन्ही कर्ण. जुन्या घरात भोक काटकोनात सापडणं दुर्मीळ. सगळ्यांत लहान माप धरायचं आणि चारही बाजूंना थोडी हवा सोडायची. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, काच वापरायची असेल तर मापाला दुसरी संधी नसते, ती काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही.

बसवताना आमचं सगळं लक्ष खालच्या पट्टीवर. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते बाहेर गेलं पाहिजे. त्यासाठी ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं भोकं असतात. कारागीर घाईत असला की ती सिमेंटनं नाहीतर सिलिकॉननं बुजतात, आणि लोक म्हणतात खिडकी गळते. खालच्या ट्रॅकमधून आम्ही फास्टनर मारत नाही. भोक पडलं की तिथून पाणी थेट भिंतीत उतरतं. खिडकीखालच्या कडाप्प्याच्या दगडाला बाहेर ढाळ आणि खालून खाच हवीच, नाहीतर थेंब दगडाच्या पोटाखालून परत भिंतीकडे येतो. काम झालं की घरच्यांसमोर बाहेरून पाइपनं पाणी मारतो. आतून वर्तमानपत्राचा कागद पट्टीवर ठेवायचा. कागद कोरडा राहिला तरच बाकीचे पैसे मागायचे.

पश्चिमेच्या भिंतीला मी स्लायडिंग सुचवत नाही. पाचगणीकडे पावसाला वाऱ्याचा जोर असतो आणि स्लायडिंगला दोन शटरांमध्ये फक्त ब्रश, म्हणजे केसाळ पट्टी, असतो. बाहेर उघडणारं शटर बंद केलं की चारही बाजूंनी रबरावर दाबून बसतं. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची खिडकी, घेणाऱ्यांना एकच सांगतो, आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का ते कापलेल्या तुकड्यात डोळ्यांनी बघा. मोठ्या शटरला ती नसली तर ते उन्हात वाकतं. माणच्या बाजूला मात्र मी थ्री ट्रॅकच देतो, तिसऱ्या ट्रॅकला जाळी. ब्रश दाट आणि पश्चिमेला ऊन परतवणारी काच.

मंगळवार पेठेतलं एक घर मला फार जवळचं वाटतं. काळ्या दगडाची दीड हात जाड भिंत. मुलांनी सगळ्या खिडक्या यूपीव्हीसी करायचं ठरवलं होतं. आजी म्हणाल्या, "बाबा, चौकट काढू नको, ह्यांनी लाकूड स्वतः निवडून आणलंय." वडिलांना घेऊन गेलो. त्यांनी प्रत्येक चौकटीच्या पायाशी पटाशीच्या दांड्यानं ठोकून बघितलं, पेचकस टोचला. दोन चौकटी वाळवीनं पोकळ झाल्या होत्या, बाकीच्या ठणठणीत. त्या दोन बदलल्या. बाकीच्यांना जुन्या चौकटीतच नवी शटरं, रबर आणि टफन काच बसवली. बिल निम्म्याहून खाली आलं. चांगलं सागवान भंगारात जाताना मला बघवत नाही, आणि ज्या खिडकीला फक्त बिजागरी आणि पुट्टी हवी आहे ती बदलायला लावणं मला जमत नाही.

2020 च्या टाळेबंदीत शेड बंद राहिली. त्यानंतर अॅल्युमिनियमचा भाव असा चढला की 2022 च्या मार्चमध्ये जगाच्या बाजारात उच्चांक झाला. जुन्या दरावर घेतलेल्या ऑर्डरी आम्ही त्याच दरात पुऱ्या केल्या. कोटेशनवर मुदत लिहायला तेव्हापासून लागलो, आणि अॅडव्हान्स आला की त्याच दिवशी सेक्शन उचलतो.

सुरुवातीच्या दोन पोरांपैकी एक आता फिटिंगचा मुख्य आहे. नवीन मुलाला तो आधी ओळंबा धरायला शिकवतो, ड्रिल मशीन खूप नंतर हातात देतो. मे महिन्यात आम्ही नवं काम कमी घेतो. तेव्हा जावळी, महाबळेश्वर, पाचगणीच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे पोरं जातात, ट्रॅकमधली माती काढतात, पाण्याची भोकं तारेनं मोकळी करतात, सुटलेलं रबर बदलतात. खिडकी बसवल्यावरच्या पहिल्या पावसाळ्याआधीच्या या फेरीचे पैसे घेत नाही. पुढच्या वर्षांपासून सामानापुरते घेतो. ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांनी एक जुना टूथब्रश आणि तांब्याभर पाणी घ्यावं. ट्रॅकमध्ये ओतलेलं पाणी लगेच बाहेर पडत नसेल तर आम्हाला जून लागायच्या आत फोन करावा.