तुम्ही विचारलंत म्हणून: देवाच्या कामात विरोध झाला तर करायचं काय?

संडे स्कूल चालवणारे, वस्तीत घरगुती प्रार्थना घेणारे, तरुण संघाचं काम बघणारे, सगळे हाच प्रश्न विचारतात: काम देवाचं, मन प्रामाणिक, मग विरोध का? आणि झालाच तर करायचं काय? आम्ही दर वेळी बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक उघडायला सांगतो, कारण त्यात विरोधाच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीला दिलेलं उत्तरही वेगळं आहे.

काळ इसवी सन पूर्व ४४५ च्या सुमाराचा. नहेम्या हा यहूदी माणूस शूशनच्या राजवाड्यात पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक होता. यरुशलेमचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, हे त्याला यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळलं आणि तट पुन्हा बांधायला जाऊ द्या असं राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. मधले चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजाने विचारलं तेव्हा सगळं तयार होतं: मुदत किती, कोणत्या सुभेदारांना पत्रं हवीत, लाकूड कोणाकडून मिळायचं. यरुशलेमात पोचल्यावरही तीन दिवस तो कोणाला काही बोलला नाही. मग रात्री मोजकी माणसं आणि एकच जनावर घेऊन पडका तट फिरून पाहिला. एके ठिकाणी तर जनावराला पुढे सरकायला जागाच नव्हती. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी बॅनर लागतो, मग पाहणी. त्यामुळे पहिला विरोधक काही बोलला की आपल्याकडे उत्तर नसतं.

पहिला विरोध टिंगलीचा. कोल्हा चढला तरी यांचा तट ढासळेल, असं टोबीया नावाचा विरोधक म्हणाला. नहेम्याने त्याच्याशी वाद घातला नाही. मनातला सगळा संताप देवापुढे ओतला आणि काम चालू ठेवलं. टिंगलीवर याहून जास्त वेळ घालवू नका.

खरा धोका तट निम्म्या उंचीला आल्यावर. चौथ्या अध्यायातला क्रम नीट बघा. हल्ल्याचा कट शिजतोय आणि त्याच वेळी यहूदाचेच लोक म्हणतात, ओझी वाहणाऱ्यांची ताकद संपली, दगडमाती फार आहे. शिवाय शत्रूच्या शेजारी राहणारे आपलेच लोक दहादा येऊन भीती सांगून जातात. बाहेरची धमकी, आतला थकवा आणि वारंवार येणारी बातमी एकत्र आली की काम थांबतं. नहेम्याने प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही एकाच वचनात आहे. एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नसतं. तट जिथे बुटका होता तिथे घराण्याघराण्यांनी माणसं उभी केली. निम्मे कामावर, निम्मे भाले घेऊन. भारवाहू एका हाताने काम करत आणि दुसऱ्या हातात हत्यार धरत. गवंड्याच्या कमरेला तलवार. कर्णा वाजवणारा मात्र नहेम्याच्या शेजारी, कारण माणसं तटावर लांब लांब पांगलेली होती. कर्णा ऐकू येईल तिथे सगळ्यांनी धावायचं. तुमच्या कामात हा कर्णा कोणाकडे आहे, हे आधीच ठरवा. अडचण आली की पहिला फोन कोणाला, पाळकांना कोण कळवणार? भेटीला एकट्याने जाऊ नका. थकलेल्याला आठवडाभर सुट्टी द्या. त्याला अविश्वासू म्हणू नका.

आता जे लोकांना ऐकायला आवडत नाही ते. सगळा विरोध सैतानाचा नसतो. पाचव्या अध्यायात ओरड शत्रूची नाही, गरीब यहूद्यांची आहे: शेतं गहाण पडली, लेकरं गुलामीत गेली, आणि व्याज घेणारे आपलेच भाऊबंद. नहेम्या रागावला, पण आधी त्याने मनाशी विचार केला. मग सावकारांना सभेत जाब विचारला आणि शेतं, घरं, व्याज परत करण्याची शपथ घ्यायला लावली. स्वतः यहूदाचा सुभेदार असून बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. तेव्हा तक्रार आली की आधी तपासा, खरी आहे का. दानार्पण दोघांनी मिळून मोजावं, त्याच दिवशी वहीत लिहावं. मुलांना आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय सहलीला नेऊ नये. शेजाऱ्यांना लाउडस्पीकरचा त्रास होत असेल तर तो बंद करणं ही माघार नाही.

पंडिता रमाबाईंवर १८९३ साली पुण्यात शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळा-वसतिगृहावरून टीकेची झोड उठली. मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, हा आक्षेप होता. पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. कोणाला बोलावणं नाही, कोणाला मनाई नाही. टीका झाली म्हणून त्यांनी ते दार लावून घेतलं नाही. आम्हाला हेच मोलाचं वाटतं, कारण लपवलेल्या कामाचा बचाव करता येत नाही.

सहावा अध्याय गोड बोलण्याचा आहे. ओनोच्या मैदानात भेटू या, असा शत्रूंचा निरोप चार वेळा आला. चारही वेळा उत्तर तेच: मी मोठ्या कामात आहे, खाली येऊ शकत नाही. पाचव्यांदा उघडं पत्र, म्हणजे वाटेत कोणीही वाचावं असं, आणि त्यात राजद्रोहाचा आरोप. त्याला एका ओळीत नकार: असं काही घडलेलं नाही, हे तुझ्या मनचं आहे. पाच निरोपांना पाच नवी स्पष्टीकरणं दिली असती तर तट तिथेच राहिला असता. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपली हीच चूक होते. शेवटी शमाया नावाचा माणूस देवाचा संदेश म्हणून म्हणाला, तुला मारायला येतील, मंदिरात लपून दार लावू या. सल्ला भक्तीचा वाटतो, पण याजक नसलेल्याने आत शिरणं म्हणजे आज्ञाभंग. तेवढ्यावरून नहेम्याने ओळखलं की याला देवाने पाठवलेलं नाही. जीव वाचवायला आज्ञा मोडायला लावणारा सल्ला, कितीही आध्यात्मिक भाषेत आला, तरी बाजूला ठेवा.

बावन्न दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी तट पुरा झाला. टोबीयाची पत्रं तरीही येतच राहिली, कारण यहूदातल्या बड्या घरांशी त्याची सोयरीक होती. नहेम्याने वेशींना दारं बसवली, द्वारपाळ नेमले आणि हुकूम दिला: ऊन तापेपर्यंत वेशी उघडायच्या नाहीत.