आडोशाला आलेले प्रेक्षक

पावसाळी दुपारी कलासंग्रहालयात दोन तऱ्हेची माणसं भेटतात. चित्रं बघायला आलेली आणि पाऊस टाळायला आलेली. मला दुसरी जास्त आवडतात. पहिल्यांच्या डोक्यात यादी असते, त्यामुळे ती भराभर पुढे सरकतात. आडोशाला आलेल्याला कुठे जायचंच नसतं. तो समोरच्या बाकावर बसकण मारतो आणि दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून चित्र बघतो. असं बघणं फार चांगलं असतं.

त्याला आत धाडणारा पाऊस संग्रहालयाला मात्र नकोसा. दारात छत्री काढून घेतात ती केवळ फरशी निसरडी होऊ नये म्हणून नाही. लाकडी फळीवर काढलेलं चित्र दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि या ओढाताणीत वरचा रंग सुटायला लागतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं बॉम्बपासून वाचवायला वेल्समधल्या एका खाणीत नेऊन ठेवली. तिथलं तापमान आणि आर्द्रता एकसारखी राखली, तर एरवी सतत पोपडे धरणारी चित्रं एकदम शहाण्यासारखी वागू लागली! काही दालनांच्या कोपऱ्यात अजूनही एक छोटं यंत्र दिसतं. दंडगोल हळूहळू फिरतो आणि आर्द्रतेची रेघ कागदावर उमटत जाते. मी ती रेघ हटकून बघते. दालनातल्या या एका रेखाटनापाशी कुणी थांबत नाही.

पण पावसात बघायची तर पावसाचीच चित्रं. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कायबॉतचं 1877 सालचं पॅरिसच्या रस्त्याचं भलंमोठं चित्र शिकागोत आहे. छत्र्या आहेत, ओले चकचकीत दगड आहेत, आणि पडणारा थेंब शोधून सापडत नाही. तरी बघणाऱ्याला ओल जाणवते. जपानी चित्रकार हिरोशिगे नेमका उलट. 1857 च्या त्याच्या छापचित्रात पुलावर अचानक सर कोसळते ती सरळ काळ्या रेघांची. लाकडी ठशात त्या बारीक रेघा तेवढ्या उंच ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. कारागिराचा हात जरा हलला की सर तुटली. तीस वर्षांनी व्हॅन गॉगने त्याच चित्राची तैलरंगात नक्कल केली. रंग जाड, रेघा जड. सुंदर आहे, पण माझ्या मते त्यात माणूस हिरोशिगेइतका भिजत नाही.

अडचण एवढीच की छापचित्राचे रंग उजेडाने विटतात. म्हणून त्याला 50 लक्सच्या आसपासचा मंद प्रकाश देतात, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा कपाटात जातं. त्यामुळे हिरोशिगेचा पाऊस भिंतीवर दिसला, तर बाहेरचा थांबल्यावरही मी बसून राहते. पुढच्या खेपेला तो आत ठेवलेला असण्याचीच शक्यता जास्त.