तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या हत्याराला जास्त पैसे मोजावेत?

घरी सुतारकाम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, दीडशे रुपयांनाही मिळते आणि दीड हजारांनाही, मग महागडी घ्यावी का? माझं उत्तर असं की हत्याराचं जे टोक कामाला भिडतं, त्याचे पैसे द्यावेत. मूठ, रंग, खोका यांचे देऊ नयेत.

पटाशीचे मी बिनदिक्कत देतो. पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल, म्हणजे ते तापवून, थंड करून नीट कणखर केलेलं नसेल, तर धार वळते, नाहीतर तिचे टवके उडतात. त्यात आपल्याकडे काम बहुतेक सागाचं, आणि सागात मुळातच सिलिका असते. ती चांगल्या पटाशीचीही धार खाते. हलकी पटाशी तर सारखी दगडावर न्यावी लागते. दुकानात आधी पाठ, म्हणजे पात्याची उतार नसलेली बाजू, बघावी, कारण पाठ सपाट नसेल तर कितीही घासा, धार खरी लागत नाही. घरी २५ अंशांत घासून टोकाला ३० अंशांची बारीक कड काढायची आणि फळीच्या टोकाच्या छेदावर चालवून पाहायची. मागे गुळगुळीत, किंचित चमकणारा भाग राहिला तर धार लागली. तंतू चुरगळून पांढुरके दिसले तर नाही. मात्र अशी पटाशी ग्राइंडरवर धरून निळी होऊ दिली की तिचं पाणी उतरलं, आणि दिलेले पैसेही गेले.

स्क्रूड्रायव्हरचं गणित निराळं आहे. तिथे आपण हत्यारासाठी नाही, स्क्रूसाठी पैसे मोजतो. मऊ टोकाचा स्टार स्क्रूड्रायव्हर खाचेतून वर सरकतो, खाच गोल करतो, आणि मग तो स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो. ढिल्या जबड्याचा पानाही नटाचे कोपरे असेच खातो.

विजेच्या कामाच्या पक्कडीबाबत घासाघीस नकोच. मुठीवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं हवं. तशी पक्कड असली तरी मेन स्विच बंद करूनच काम करायचं.

हातोडा साधा चालतो, दांडा घट्ट बसलेला असला की झालं. हॅक्सॉची फ्रेम स्वस्त घ्या, पान बायमेटलचं, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं, घ्या. टेपही साधी पुरते, फक्त एका कामात शेवटपर्यंत एकच टेप वापरा, म्हणजे सगळी मापं एकमेकांशी जुळतात.

आणि पहिल्यांदाच खरेदी करत असाल तर सहा पटाश्यांच्या सेटच्या नादी लागू नका. १८ मिलिमीटरची एकच चांगली पटाशी आणि उरलेल्या पैशांत १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड, म्हणजे पाणी लावून धार काढायचा दगड, घ्या. दगडाविना महागडी पटाशीसुद्धा पुढच्या कपाटापर्यंत बोथट झालेली असते.