सावंतवाडीला गेलेली माणसं

शुक्रवार, रात्र

आज मोरीत बारा बांगडे येऊन पडले आणि घरात खाणारं तोंड एक.

चूक माझीच. गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेहमीच्या नुस्तेकान्नीकडे, म्हणजे मासेवालीकडे, गेले होते. तिच्यासमोर दोनशेचा वाटा. मी म्हटलं, शंभराचे दे. ती म्हणाली, "इतलेच?" बस्, एवढंच. पुढे काही विचारलं नाही, बांगडे मोजायला हातही घातला होता. आणि मी आपणहून सांगून टाकलं, सगळी दिवाळीला सावंतवाडीला गेलीत, अजून आलेली नाहीत.

सगळी म्हणजे कोण, हे मला आठवडाभर सापडलेलं नाही. सावंतवाडीत माझं कोणी नाही. कधीच नव्हतं.

का बोलले असेन? शंभराचे मागणारं गिऱ्हाईक तिला नवीन नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने तर पन्नासच्या वेर्ल्या मागितल्या आणि मान वर करून घेऊन गेली. पैशाची लाज वाटली म्हणावं, तर हॉर्टिकल्चरच्या सरकारी भाजीच्या गाळ्यावर मी पाव किलो भेंडी, दोन टोमॅटो, एक गाजर असं बिनदिक्कत मागते. तिथे फळ्यावर भाव लिहिलेले असतात, तो काट्यावर टाकतो, विषय संपला. काटा विचारत नाही घरी किती माणसं. वाटा विचारतो. वाटा म्हणजे एका घरच्या एका जेवणाचा घास, कधी काळी कोणीतरी डोळ्यांनी मापून ठरवलेला. तो मोडून मागायचा म्हणजे घर मोडून सांगितल्यासारखं होतं. निदान मला तसं झालं.

नारळाचं तेच. नारळ अर्धा मिळत नाही. फोडला की डोळ्याकडची कवड आधी वापरायची, ती लवकर बुळबुळीत होते. दुसरी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस तग धरते. आई हे सांगायची तेव्हा हसू यायचं, आमच्या घरी फोडलेला नारळ दुपार बघत नसे. आता एक नारळ आठवडाभर पुरवते. सोमवारी मुगागाठीला, बुधवारी तांबड्या भाजीवर, म्हणजे लाल माठावर, चिमूटभर, उरलेला किसून बर्फाच्या कप्प्यात. तांबड्या भाजीची जुडी मात्र एकट्या माणसाची कैवारी आहे. केवढा भारा दिसतो, आणि कढईत झाकण ठेवून पाच मिनिटांनी बघावं तर मूठभर.

आठवड्याला सातशे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलाय. तांदूळ, डाळ, तेल वेगळं, ते बागायतदारच्या दुकानातून महिन्याचं एकदाच. पाच किलो उकडे तांदूळ मला महिना काढतात, वर चार दिवस. रात्री बहुतेक पेज, बरोबर लोणचं किंवा भाजलेला खारा बांगडा. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन पोयो: एक चहाबरोबर, एक दुपारी डब्यात आळसांद्याच्या तोणाकाबरोबर, म्हणजे चवळीच्या रश्शाबरोबर. आळसांदे रविवारी रात्री भिजत घालायचे, एका वाटीत दोन डबे निघतात. हे सगळं जमतं. जमत नाही असं मी कोणाला म्हटलेलं नाही.

जून-जुलै तर उलट सोपे गेले. बोटी बंद, मासळी महाग, अख्खा गोवा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, डब्यातलं काढून खात होता. सुक्या सुंगटांची (कोलंबीची) किसमूर, डाळ, भात. सगळ्यांच्याच ताटात तेच, तेव्हा माझं ताट वेगळं दिसायचं कारण नव्हतं. ऑगस्ट उजाडला, समुद्र खुला झाला, आणि माझी काटकसर माझी एकटीची झाली.

ताटावरून आठवलं, ती दोन मोठी ताटं अजून वरच्या फळीवरच आहेत. असो.

तर आज. आज मी मुद्दाम दुसऱ्या रांगेने जाणार होते. पण खोर्लीहून चालत गेलं की पहिली तीच दिसते, आणि तिने लांबूनच ओळखलं. "आयलीं मगो सगळीं?"

मी काय म्हणायचं होतं? नाही आली म्हणावं, तर दिवाळी होऊन इतके दिवस झाले, कसली माणसं ही? आली म्हणावं, तर...

"हय," म्हटलं.

"मागीर वाटोच घे." आणि माझी पिशवी माझ्या हातातून घेऊन तिने अख्खा वाटा तीत ओतला. वर एक सल्ला: "घोवाक तळून घाल."

मी मान डोलावली. म्हणजे आता सावंतवाडीच्या माणसांत एक घोवही आला, आणि त्याला तळलेलं आवडतं. (खोटं बोलले तेही अस्खलित कोकणीत. लिहिताना मात्र मराठी आठवते.)

परत येताना कदंबा बस स्टँडपाशी कठड्यावर बसले थोडा वेळ. रडू आलं असं नाही लिहीत. दोनशे रुपये गेले, भाजीचे शंभर त्यातच गेले, आणि ज्या माणसांसाठी गेले ती माणसं नाहीतच, एवढाच हिशेब पुन्हा पुन्हा करत बसले. तिला खरं सांगितलं असतं तर तिचं काय जाणार होतं? माझं काय गेलं असतं? इथेच येऊन गाडी अडते. खरं सांगायला काही हरकत नव्हती, हेच जास्त लागतंय.

पण बांगडा विचार करायला वेळ देत नाही. मोसमातला बांगडा तेलकट, उन्हात पिशवीत राहिला तर तासाभरात त्याचे डोळे सांगायला लागतात. उठले, घरी आले, विळी काढली.

साफ करता करता वाटणी ठरली. दोन आज तळले, रवा लावून. (घोवासाठी.) तीन उद्याच्या उडदामेथीच्या आमटीला, ती परवा जास्त चांगली लागते. सोमवार नाही. दोन मीठ-हळद लावून बर्फाच्या कप्प्यात, ते मंगळवारी तिरफळं घालून. एक मांजराला, कारण तो मधेच फाटला आणि ती मघापासून दारात बसून माझ्याकडे नुस्तेकान्नीसारखीच बघत होती. उरलेले चार डब्यात घालून वरच्या मावशीकडे.

मावशी डबा रिकामा परत देणारी नव्हे. आत गेली, खुडबुड केली आणि डब्यात नारळाची एक कवड घालून आणली. "अर्धा तसाच पडला असता," म्हणाली, "मी तरी एकटी किती खाणार?" सहज म्हणाली, पंखा बंद करताना म्हणावं तसं.

जिन्यात डबा उघडून बघितलं. डोळ्याकडची कवड. टिकणारी तिने स्वतःकडे ठेवली होती.

जिन्यातच हसू फुटलं.

उडदामेथीचा नारळ तेवढा सुटला. वहीत लिहिलं: नारळ वजा, भाजी पुढच्या आठवड्यात, अंडी चारच. सातशेच्या वर एकशे दहा गेलेत, ते कुठून काढायचे ते उद्या बघू.

प्रश्न पुढच्या शुक्रवारचा आहे. माणसांना परत सावंतवाडीला पाठवावं लागेल, पण इतक्यात कशाला जातील? जत्रा सांगता येईल, या दिवसांत तिकडे कुठे ना कुठे जत्रा असतेच. पण जत्रेहून दोन दिवसांत परत येतात. कोणाचं तरी बाळंतपण काढलं तर शिगम्यापर्यंत सहज निभेल. मुलगी की मुलगा ते तेवढं ठरवून ठेवलं पाहिजे, ती विचारणार.