लाखीशच्या तटाशी ओगराळं

ब्रिटिश म्युझियममध्ये शिरलं की गर्दी आपल्याला रोझेटा शिलेकडेच ढकलत नेते. मी कसाबसा त्या लोंढ्यातून सुटलो आणि शेजारच्या असिरियन (आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन साम्राज्याच्या) दालनांत घुसलो. मला तट फोडायचं जुनं यंत्र बघायचं होतं. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. रोमन लोक त्याला सरळ ‘मेंढा’ म्हणत, तेव्हा मीही मेंढाच म्हणतो.

आधी लागली खोली ७. निमरूद या असिरियन राजधानीतल्या राजवाड्यातल्या कोरीव शिळा, राजा दुसरा अशुरनासिरपाल, इ.स.पू. नववं शतक. एका शिळेवर चाकांवरचा मेंढा तटाला भिडलाय. वरून शहरवाल्यांनी साखळी सोडून त्याचं तोंड अडकवलंय आणि ते वर ओढतायत. खाली दोन असिरियन शिपाई त्याच साखळीत आकडे घालून लोंबकळतायत. एवढ्या मोठ्या सैन्याचं सगळं घोडं शेवटी रस्सीखेचीवर येऊन अडलंय. मला हसूच आलं.

मग खोली १० ब. इथे चारी बाजूंनी एकच लढाई: इ.स.पू. ७०१, असिरियाच्या सन्हेरीब राजाने यहूदाच्या राज्यातलं (आजच्या इस्रायलमधलं) लाखीश शहर घेतलं ती. निनवे या राजधानीतल्या त्याच्या राजवाड्यात एका दालनाला या शिळा लावलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश उत्खननकार लेयार्डने त्या खणून काढल्या.

इथला मेंढा माझ्या कल्पनेतल्या मेंढ्यासारखा नव्हता. मला वाटलं होतं, जाडजूड ओंडका, पुढे लोखंडी डोकं, धाडधाड धडका. हा तर लांब भाल्यासारखा, टोकदार. तट मातीच्या विटांचा. त्यात टोक खुपसायचं, हलवायचं, विटा सुट्या करून खाली पाडायच्या. धडक कमी, पहारीचं काम जास्त. यंत्र तटापर्यंत चढवायला आधी उतरण रचलेली, तिच्यावरून एकेक मेंढा वर निघालाय, मागे धनुर्धारी आणि गोफणवाले.

तटावरून पेटत्या मशालींचा नुसता पाऊस पडतोय. यंत्र लाकडाचं, म्हणजे एक मशाल नीट लागली की संपलं. आणि इथेच तो दिसला. मेंढ्याच्या आडोशाला उभा राहून एक शिपाई लांब दांड्याच्या ओगराळ्याने पुढच्या भागावर पाणी ओततोय. पंगतीत आमटी वाढावी तसा, दांडा पुढे काढून. ते पाणीसुद्धा कोरलंय! मी त्याच्यापुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे. वर बाणांचा वर्षाव चालू असताना या माणसाचं काम एकच, पाणी संपू द्यायचं नाही. त्याला ते कोण आणून देत होतं, हे मात्र कोरणाऱ्याने दाखवलेलं नाही. पाणक्याला शिळेवर जागा कोण देणार?

हे सगळं दरबारी बढाईपोटी रचलेलं, असं म्हणायचीही सोय नाही. लाखीशच्या टेकाडावर १९७० च्या दशकात नव्याने उत्खनन सुरू झालं, तेव्हा नैर्ऋत्य कोपऱ्यात दगडगोट्यांची ती उतरण खरोखर सापडली. शेकडो बाणाग्रं मिळाली. आणि लोखंडी साखळीचा एक तुकडा! अभ्यासकांचा अंदाज असा, की ती मेंढ्याला अडकवायला वापरली असावी. खोली ७ मधली रस्सीखेच आठवून मघाचं हसू जरा ओशाळलं.

एक गोष्ट खटकली, मग आवडली. मेंढे अजून तट फोडतायत आणि त्याच वेळी दरवाजातून बायका-पुरुष बोचकी घेऊन बाहेर पडतायत. हल्ला आणि शरणागती एकाच शिळेवर. पुढे रोमन सेनापती सीझरने गॉलमधल्या (आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडच्या) एका टोळीला बजावलं होतं, मेंढा तटाला लागायच्या आत शरण आलात तर शहर राखीन. लाखीशच्या लोकांना कुणी अशी मुदत दिली होती की नाही, शिळा सांगत नाही. पुढच्या शिळांवर बैलगाडीवर लादलेलं सामान आणि त्यावर बसलेली माणसं दिसतात. शेवटी सिंहासनावर सन्हेरीब. त्याचा चेहरा मागाहून कुणीतरी मुद्दाम छिन्नीने फोडलाय.

दालनं बंद व्हायला थोडा वेळ होता. मी परत त्या ओगराळेवाल्याकडे गेलो. त्याचं नाक मात्र शाबूत होतं.