तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे बसून तुला काय करायचंय?

घरचे विचारतात, इथले मराठी मित्रही विचारतात: जर्मनीत राहतेस, मग लोकसभेच्या निकालासाठी पहाटे साडेचारला उठतेस कशाला? आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच सांगते.

मी मतदार आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर, नागरिकत्व न सोडता परदेशी राहणाऱ्यांना मतदार यादीत नाव नोंदवता येतं. मी ६-अ अर्ज भरला. पासपोर्टवरचा पत्ता जोगेश्वरीचा, म्हणून नाव तिथल्या यादीत. पण मत द्यायचं तर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहायला हवं. सैनिकांना आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना टपाली मताची सोय आहे, मला नाही. २०२४ मध्ये यादीत माझ्यासारखे सुमारे १ लाख १९ हजार होते. मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० केरळचे. हा आकडा दाखवून ‘परदेशातल्यांना पडलेलीच नसते’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एक बटण दाबायला विमानाने या म्हटल्यावर किती जण येतील? त्या वर्षीची माझी रजा आईच्या ऑपरेशनसाठी राखलेली होती.

मुंबईत मतदान २० मे ला होतं. उमेदवारी अर्ज भरले गेल्यापासून मी घरच्या ग्रुपवर उमेदवारांची शपथपत्रं टाकत होते, कोणावर काय गुन्हे, कोणाची संपत्ती किती. त्या दिवशी सकाळपासून दादाला फोन लावत होते. केंद्रात मोबाइल नेता येत नाही म्हणून तो घरीच ठेवून गेला होता, हे मला माहीत असूनही लावत होते. दुपारी त्याने उचलला. मी विचारलं, “झालं का रे मत? गर्दी कितपत होती?”

तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “आई रांगेत खाली बसली. अडीच तास उन्हात होतो. पंखा नाही, प्यायला पाणी नाही. तू ते विचारत नाहीस, मत झालं का विचारतेस.” मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाला, “नळाला पाणी आलं नाही की वॉर्ड ऑफिसात मी जातो. लोकलला मी लटकतो. निवडून येईल त्याच्यासोबत पाच वर्षं आम्हाला काढायचीत. तू मॅच बघतेस गं. हरलं कोणी तरी तुझं काय जातं?”

मागून आईचा आवाज आला, “असू दे रे, तिला कशाला बोलतोस.” त्याने फोन आईकडे दिला. आई म्हणाली, बरी आहे, लिंबू सरबत घेतलं. दोघींपैकी कोणीच मतदानाचं काही काढलं नाही. त्यानंतर मी ग्रुपवर काही टाकलं नाही.

दादाचं बोलणं लागलं, कारण ते माझंच होतं. २०१४ मध्ये मी मुंबईत होते. अमेरिकेतले एक काका फोनवरून देश कसा चालवावा ते सांगायचे, तेव्हा मीच म्हणायचे, यांना बोलायचा काय हक्क? त्या मुलीशी मी अजून भांडते. तिला म्हणते, रांग हा हक्काचा पुरावा कसा? उन्हात उभं न राहणाऱ्याचं मत कमी मोलाचं का? ती विचारते, मग परत का येत नाहीस? यावर मी गप्प होते. इथली नोकरी आणि मुलाची शाळा ही कारणं खरी आहेत, पण तिच्या प्रश्नाला ती पुरत नाहीत.

मग आला ४ जून, निकालाचा दिवस. खिडकीबाहेर खांबाखांबावर युरोपीय संसदेच्या निवडणुकीची पोस्टर्स. शेजारच्या बाईंनी आपलं मत लिफाफ्यात घालून कधीच पाठवलं होतं. त्या निवडणुकीत मला मत नाही. ते हवं तर जर्मन व्हायचं, आणि जर्मन झालं की भारताचं नागरिकत्व जातं. मी तेवढ्यासाठी ते सोडणार नाही.

जोगेश्वरी ज्यात येते त्या मुंबई उत्तर-पश्चिममध्ये लढत दोन शिवसेनांची, मशाल विरुद्ध धनुष्यबाण. मशालीच्या उमेदवाराचे वडील दुसऱ्या सेनेचे मावळते खासदार. घराघरात काय चाललं असेल ते यावरून समजा. यंत्रांवरच्या मतांत मशाल एका मताने पुढे होती. टपाली मतं धरल्यावर धनुष्यबाण ४८ मतांनी जिंकला. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी आमची जागा ४८ मतांनी गेली आणि ती ठरवली टपालाने आलेल्या मतांनी. म्हणजे ज्या वाटेने मला मत देता येत नाही, नेमकी तीच वाट. तरी लोक विचारतात, तुझं काय अडलंय?

माझं मत कुणाला गेलं असतं ते इथे सांगणार नाही. ते गेलं असतं तर फरक पडला असता, असाही दावा नाही. बदली मतदानाचं, म्हणजे माझ्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचं, विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत मंजूर न होताच बाद झालं. उद्या टपाली मत मिळालं तरी दादा म्हणेल, रांग कुठे आहे तुझी? त्याचं चुकतंय असं मला वाटतं, पण ते त्याला पटेल असं काही माझ्याकडे नाही. जोगेश्वरीच्या यादीतून नाव मात्र मी काढणार नाही, आणि पुढच्या मोजणीलाही पहाटे उठणार आहे.